रितिकाच्या पुढे कोण?

मागल्या हंगामात बर्डी वाघिणी या संघाचा एवढा बोजवारा उडाला होता, की शेवटच्या सामन्यात समोरच्या गोलकीपरनेही हौस म्हणून पुढे येऊन एक गोल मारून घेतला. कुंपणापाशी बसलेले पोट्टे "या, या, दार उघडंच आहे!" असं ओरडत होते, आणि बर्डीची गोलकीपर रितिका जाळीतून चेंडू काढता काढता बाहीनं डोळे पुसत होती.

तळाला जाण्याचा एक फायदा मात्र होता. नागपूरच्या या मुलींच्या फुटबॉल लीगमध्ये लिलाव नव्हता. पोरींवर बोली लावायची नाही, असं आयोजकांनी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. दर हिवाळ्यात चाचणीतून सहा नव्या खेळाडू निवडायच्या आणि सहा संघांनी पाळीपाळीनं त्यातली एकेक घ्यायची. जो संघ तळाला, त्याची पाळी पहिली. म्हणजे या वर्षी बर्डीची.

"सोप्पं काम आहे मॅडम," वामनराव म्हणाले. "डोळे मिटून उन्नतीले घेऊन टाका."

वामनरावांचं सीताबर्डीत कापडाचं दुकान होतं आणि संघाचा सगळा भार त्यांच्यावर होता. ते जर्सी देत, सामन्यानंतर तर्री-पोहे देत आणि मागितला नसला तरी सल्लाही देत. दुकानातल्या गादीवर, साड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून, प्रशिक्षक हिमानी लोहकरे त्यांच्यासमोर बसली होती. तीही मनातून तेच म्हणत होती.

हिमानी एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. एके काळी विद्यापीठाच्या संघात ती बचावफळीच्या मधोमध खेळायची. बोलणं कमी, काम चोख, हा तिचा खाक्या. सामना संपला की लोक विचारायचे, ही पोरगी खेळली का? आणि ते तिला कौतुकच वाटायचं.

उन्नतीला पाहायला ती पारशिवनीला जाऊन आली होती. शिवाराच्या कडेच्या मैदानावर, उंच, सडपातळ, लांब ढांगा टाकणारी ती पोरगी पाहताना हिमानीला आपलीच जुनी सावली दिसल्यासारखं झालं. उन्नती घाई करत नव्हती. चेंडू कुठे पडणार हे तिला आधीच कळायचं, आणि ती तिथे जाऊन उभी असायची. पूर्ण सामन्यात तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. परतीच्या बसमध्ये हिमानीनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

मग केयूरनं घोळ घातला. केयूर तिचा सहायक. मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी संघाच्या सामन्यांची चित्रफीत काढायचा. तो म्हणाला, "मॅडम, काटोलची नंदिनी एकदा बघून घ्या. फक्त बघा, मग ठरवा."

"उन्नतीपेक्षा उंच आहे?"

"नाही. बुटकी आहे."

"वेगवान?"

"तेही नाही."

"मग काय आहे तिच्यात?"

केयूरनं जरा विचार केला. "ते तुम्हाला लांबूनच कळेल."

खरंच कळलं. काटोलच्या मैदानाच्या फाटकापाशी हिमानी ऑटोतून उतरली, तेव्हा मैदान अजून दिसतही नव्हतं, पण आवाज येत होता. "डाव्याले सरक! सरक वं! मागं पाय, मागं! सोड तिले, मी आहो!" नंदिनीचे वडील संत्र्यांच्या बाजारात बोली पुकारायचे, आणि पोरीनं आवाज तिथूनच उचलला होता. ती धापा टाकत धावत होती, दोनदा फसली, एकदा तर स्वतःच घसरून पडली, पण पडल्या पडल्याही ओरडत होती, "गिरक्या काय मारून राहिली? चेंडूवर जा!"

अर्ध्या तासात हिमानीचं डोकं ठणकायला लागलं. "शक्यच नाही," ती केयूरला म्हणाली. "ही माझ्या संघात आली, तर मी कानांत बोळे घालून बसेन."

केयूर हट्टाला पेटला नाही. मोबाइलवर मागल्या हंगामातले गोल मात्र त्यानं तिला एकामागून एक दाखवले. हिमानीला ते पुन्हा बघायचे नव्हते. तरी बघताना तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. बर्डीच्या पोरी काही वाईट खेळत नव्हत्या. दोघी मिळून एकीलाच अडवायला जायच्या आणि तिसरी मोकळी सुटायची. चेंडू वरून आला की रितिकाला वाटायचं डिफेंडर घेईल, डिफेंडरला वाटायचं रितिका घेईल, आणि दोघी एकमेकींकडे बघत असताना तो जाळीत. सगळ्या मुक्या. जशी मॅडम तशा पोरी, असा एक विचार हिमानीच्या मनात आला, आणि तिला तो मुळीच आवडला नाही.

मग तिनं अशी एक गोष्ट केली, जी आधी कुणाला सुचली नव्हती. तिनं रितिकाला विचारायचं ठरवलं.

चाचणीचा शेवटचा सामना अजनीच्या रेल्वे मैदानावर होता. हिमानीनं आयोजकांना विनंती करून रितिकाला त्यात गोलमध्ये उभं केलं. पहिल्या डावात तिच्यापुढे उन्नती, दुसऱ्यात नंदिनी.

पहिल्या डावात रितिकाला कामच पडलं नाही. उन्नतीनं भिंतच उभी केली. एकदा मात्र उन्नती उजव्या बाजूला गेली असताना डावीकडून चेंडू आला, रितिका जागच्या जागी थिजली आणि गोल झाला. वामनराव तरी खूश होते. "पाह्यलं? एकटीनं अख्खी टीम अडवली पोट्टीनं!"

दुसऱ्या डावात चेंडू सारखे येत होते. नंदिनी पोचत नव्हती, हे उघडच होतं. पण ती पुकारत होती. "रितिके, जवळचा खांब धर! मारू दे तिले, तिरपं मारते ते! आता पुढं, पुढं!" आणि रितिका, जी गोल सोडून बाहेर यायचं नावच घेत नसे, ती पुढे आली. एक चेंडू छातीवर घेतला, एक पायानं परतवला. एक गोल याही डावात झाला. नंदिनीनं तिला हात देऊन उठवलं आणि म्हणाली, "तो माह्यावर. पुढचा नाही जाणार."

सामन्यानंतर हिमानी रितिकाशेजारी गवतावर बसली. "तुझ्यापुढं कोण पाहिजे, सांग."

रितिका दचकलीच. "मले विचारून राहिल्या?"

"मागं तूच उभी असते ना."

रितिकानं हातमोज्याचा पट्टा काढला, पुन्हा लावला. मग म्हणाली, "उन्नती पुढं असली, तर मले काही करावंच नाही लागत. पण ती नसली की मी एकटी पडते. नंदिनी असली तर..." ती हसली. "तिचा राग येते मॅडम. कान किटते. पण एकटं नाही वाटत मले."

एवढंच बोलली. पण त्यापुढचा आठवडा हिमानीचा वाईट गेला. पोरींना कवायत शिकवताना, भाजी निवडताना, तिच्या डोक्यात तराजू वर-खाली होत होता. उन्नती चांगली, यात शंका नव्हती. सहा जणींत सगळ्यांत चांगली तीच होती. तिला सोडणं म्हणजे ताटात वाढलेलं पुरण शेजाऱ्याच्या पानात टाकण्यासारखं. पण उन्नती आली म्हणून बाकीच्या सुधारणार नव्हत्या. त्या आणखी निवांत होतील, आणि ज्या दिवशी तिचा पाय मुरगळेल, त्या दिवशी पुन्हा "दार उघडंच आहे". नंदिनी गोल कमी अडवील; पण इतरांना अडवायला लावील. पटत होतं, तरी निर्णय होत नव्हता, कारण उन्नतीला नाकारताना तिला आपणच आपल्याला नाकारतो आहोत असं वाटत होतं.

निवडीच्या दिवशी सभागृहात सहा संघ टेबलं मांडून बसले होते. मागच्या रांगेत सहा पोरी. उन्नती ताठ बसली होती, नंदिनी शेजारणीला काहीतरी सांगत होती. निवेदकानं बर्डीचं नाव पुकारलं. वामनरावांनी आधीच टाळ्या वाजवायला हात वर केले होते.

"नंदिनी, काटोल," हिमानी म्हणाली.

वामनरावांचे हात तसेच राहिले. सभागृहात कुणीतरी हसलं. पुढची पाळी लकडगंज वीरांगनांची होती. त्यांच्या प्रशिक्षकानं निवेदकाचं बोलणं पुरं व्हायच्या आत "उन्नती! उन्नती!" असं दोनदा सांगितलं, न जाणो बर्डीवाल्यांचं मन पालटलं तर.

"मॅडम," वामनराव हळूच म्हणाले, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मंग काहून असं केलं? हातचा हत्ती सोडला न् भोंगा आणला घरी!"

पुढचे काही दिवस ते तिच्याशी मोजकंच बोलले. जर्सी पाठवली, पण सल्ला पाठवला नाही. वामनराव रागावल्याची ती खूण होती.

आणि लीगचा पहिलाच सामना लकडगंजशी निघाला.

मैदानावर डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. सुरुवातीलाच घोटाळा झाला. नंदिनी चेंडू परतवायला गेली, पाय घसरला, आणि लकडगंजच्या फॉरवर्डनं सरळ आत जाऊन गोल केला. कुंपणाजवळचे पोट्टे खिदळले. वामनरावांनी कपाळावर हात मारून घेतला, तो हिमानीला न बघताही ऐकू आला.

मागल्या वर्षी इथून पुढे पोरींच्या माना खाली जायच्या. या वेळी नंदिनी माती झटकत उठली आणि टाळ्या पिटत ओरडली, "झालं ते झालं! मीच घसरली, तुमी नाही! चला वं, जागा धरा!" मग तिचं सुरू झालं ते थांबलंच नाही. डावीकडची पोरगी सरकली, मधली मागे आली. आणि हिमानीला दिसलं, की आता दोघी एकीवर धावत नव्हत्या. दुसऱ्या डावात बर्डीच्या एका पोरीनं लांबून मारलेला चेंडू कुणाच्या तरी पायाला लागून आत गेला. गोल देखणा नव्हता, पण गोल होता. बरोबरी.

शेवटी शेवटी लकडगंजला कॉर्नर मिळाला. उन्नती पुढे आली. सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. चेंडू हवेत तरंगत आला, उन्नतीनं उडी घेतली, आणि त्याच वेळी गर्दीतून आवाज फुटला, "रितिके, तुझा!"

रितिका निघाली. विचार न करता, डोळे चेंडूवर ठेवून, दोन जणींच्या खांद्यांमधून वर गेली आणि दोन्ही मुठींनी तिनं चेंडू असा हाणला, की तो थेट मैदानाच्या मध्यात पडला. शिट्टी झाली. सामना बरोबरीत सुटला होता, पण बर्डीच्या पोरी चषक जिंकल्यासारख्या एकमेकींवर पडल्या होत्या, सगळ्यांत खाली रितिका.

वामनराव पोह्यांची पातेली उतरवून घेत होते. हिमानी जवळ गेली तेव्हा त्यांनी तिच्या ताटलीत तर्री जरा जास्तच ओतली. "मी काही तुमची माफी-बिफी मागून नाही राहिलो," ते म्हणाले. "उन्नती पायजेच होती. पण भोंगा चांगला वाजते."

उन्नती गर्दीबाहेर थांबली होती. हिमानी एकटी दिसल्यावर ती पुढे आली. "मॅडम, एक विचारू? माह्यात काय कमी दिसलं तुमाले?"

हिमानीला सोपं उत्तर देता आलं असतं. तिनं दिलं नाही. "कमी काहीच नाही. सगळ्यांत चांगली तूच होती. पण माझ्या पोरींना अडवणारी नको होती, बोलणारी पाहिजे होती. मीही तुझ्यासारखीच खेळायची. कुणालाच काही सांगायची नाही, सगळं एकटीनं करायची. दमायची फार."

उन्नतीनं वाकून बुटाची नाडी घट्ट केली. मग म्हणाली, "दमते तर मी बी." वळता वळता तिनं विचारलं, "नंदिनी जेवली का?" आणि ती त्या गोंगाटात शिरली. थोड्या वेळानं हिमानीनं पाहिलं, तर नंदिनी ताटली बाजूला ठेवून, हातवारे करत तिला काहीतरी समजावत होती, आणि उन्नती पोट धरधरून हसत होती.

पुढच्या सरावाला मात्र नवीनच संकट उभं राहिलं. नंदिनीचा घसा पार बसला होता. काटोलच्या डॉक्टरांनी चार दिवस तोंड उघडू नको म्हणून बजावलं होतं, आणि ती गळ्याला मफलर गुंडाळून, डोळे मोठे करून, नुसते हात नाचवत उभी होती. केयूर काळजीत पडला. वामनरावांनी ज्येष्ठमधाची पुडी आणली होती, आणि ती कशी चघळायची हे ते नंदिनीला दुसऱ्यांदा सांगत होते.

हिमानी गोलच्या पुढ्यातच उभी राहून पोरींकडे बघत होती. आज पुन्हा सगळं चिडीचूप होणार, असं तिला वाटलं. तेवढ्यात मागून एक आवाज आला. जरा चिरका, जरा घाबरलेला, पण चांगला खणखणीत.

"मॅडम, बाजूले व्हा ना! मले चेंडू दिसून नाही राहिला!"

हिमानीनं वळून पाहिलं. रितिका लाल झाली होती, पण तिनं शब्द मागे घेतला नाही. हिमानी पटकन बाजूला झाली.