रडणाऱ्या भिंतीचं पाणी

"रडली! भिंत रडली!" कुणीतरी ओरडलं आणि दाटीवाटीनं कोंबलेली माणसं गुडघ्यांवर आली.

पिटकारी या कोळ्यांच्या गावच्या धक्क्यावरचं ते जुनं घर. बाहेरून दगडी जिना, वर राहायच्या खोल्या, खाली बिनखिडकीची तळखोली. त्या तळखोलीच्या भिंतीवरून थेंब ओघळत होते.

"बुडालेल्या कोळ्यांच्या विधवांचे अश्रू आहेत हे!" काळ्या कोटातला फिरता उपदेशक पर्व्हिस गहिवरला. "चाखून बघा, खारट आहेत! श्रद्धाळू जमले की दगडालाही पाझर फुटतो. एकटा संशयी आला की कोरडा ठणठणीत! दार लावा बरं, अश्रूंना वारा सोसत नाही."

सर्वांत पुढे नॅन होती. तिनं भिंतीवरचं पाणी बोटावर घेऊन लेकीच्या, बेथियाच्या, सुजलेल्या डोळ्यांत सोडलं. पोर किंचाळली.

"झोंबतंय म्हणजे गुण येतोय," पर्व्हिस म्हणाला.

नॅनची थोरली बहीण इशबेल गावच्या शाळेत शिकवायची. बाहेर येताच तिनं नॅनचा हात धरला. "डॉक्टरांनी शहरातल्या इस्पितळात न्यायला सांगितलंय ना? चल, मी येते बरोबर."

"तुझे डॉक्टर माझ्या रॉबीला परत आणणारेत का, ताई?" नॅनचा नवरा हिवाळ्यात समुद्रातच राहिला होता. "त्या भिंतीत माझेही अश्रू आहेत."

इशबेलनं तिचा हात सोडला. ती रोज विनवायची, नॅन रोज तळखोलीत जायची.

शेवटी इशबेलनं पडक्या कुंपणाचे दोन दगड घेतले. एक मिठाच्या पाण्यात मुरवला, दोन्ही चुलीमागे खडखडीत वाळवले आणि रविवारी सगळ्यांसमोर तळखोलीत ठेवले. दार लागलं. प्रार्थना संपेपर्यंत एक दगड तसाच कोरडा होता, मिठातला ओलागच्च.

"हा मिठात मुरवलेला दगड तर काल माझ्या स्वयंपाकघरात होता," इशबेल म्हणाली. "यात कुठली विधवा रडतेय? मॅगी आजी, या खोलीत काय चालायचं?"

"हेरिंग खारवायचं," म्हातारी पुटपुटली. "मीच चिरलेत की इथं मासे. माझ्या आजीनंही."

"मग इतकी वर्षं या भिंतीच्या दगडांनी मीठच प्यायलंय. मीठ हवेतला ओलावा ओढतं. आणि दार लावून कोंडलेल्या खोलीत ओलावा कुणाचा? आपल्याच श्वासांचा! हे अश्रूबिश्रू काही नाहीत."

कुणीतरी फस्सकन हसलं. "बाईंच्या पापानं दगड बाटला!" असं ओरडत पर्व्हिस जिन्याआड गेला, तो पुन्हा गावात दिसला नाही.

नॅन हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती बेथियाला घेऊन इशबेलबरोबर इस्पितळात गेली. डॉक्टरांनी बेथियाचा उजवा डोळा वाचवला. डावा गेला होता. "आधी आणायला हवी होती," एवढंच ते म्हणाले.

नॅन बाहेरच्या बाकावर येऊन बसली. मग म्हणाली, "भिंत खारट का ते मला ठाऊक होतं, ताई. लहानपणी आपण तिथंच खारवलेल्या माशांच्या पिंपांमागे लपायचो."

इशबेलनं तिला जवळ घेतलं. समजवायला आता काही उरलं नव्हतं.

ठाऊक सगळ्या गावालाच होतं. दुःखात माणूस ठाऊक असलेलंही विसरतो, आणि पर्व्हिससारखे नेमके तेव्हाच दारात येतात. म्हणून दार लावायला सांगणाऱ्याला आधी विचारा, का लावायचं? आणि लेकराचा डोळा दुखत असेल तर तेवढंही विचारत थांबू नका, डॉक्टरकडे न्या.