सतरा चेहऱ्यांचा ठसा

श्रीनाथ सीमेवरच्या लढाईत गेला, तेव्हा बेंबळी गावात लागलेल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर सतरा पुढारी होते. त्यांचे चेहरे परातीएवढे. श्रीनाथचा मात्र खाली कोपऱ्यात, पुरीएवढा.

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या हर्षालीनं तो फ्लेक्स जसाच्या तसा लाकडी फळीवर कोरला, शाई फासून कागदावर छापला आणि वर्षश्राद्धाच्या आठ दिवस आधी स्टँडजवळच्या हॉटेलात टांगला. आता भांडण पेटणार म्हणून अर्धं गाव चहाला आलं.

भांडण कसलं! ज्यांना टोमणा मारलेला, तेच आधी आपला चेहरा हुडकू लागले.

"मिशी लई झकास उतरलीय," तालुक्याचे जुने पुढारी आण्णासाहेब खूश होऊन म्हणाले.

रुसले ते नवे सरपंच महारुद्र. "मॅडम, आमी न्हाय यात. कडंला कुठंतरी बसवा की."

"दादा, लाकडात नंतर भर घालता येत नाही. कोरून टाकलं की तिथं कागद पांढरा राहतो. यातनं फक्त काढता येतं."

मागं श्रीनाथची आई सारजाबाई उभी होती. लेकाचं चित्र छापलंय ऐकून आली होती. आतापर्यंत तिला लोकांच्या पाठीच दिसल्या.

"काढता येतं व्हय? मग ही समदी काढ, पोरी. श्राद्धाला येणाऱ्यानं माझं लेकरू बघाया पायजे."

"पण मावशी, तो मोठा नाही होणार. आहे तेवढाच राहील."

"ऱ्हाऊ दे. येतील जवळ."

"आक्का, आमी तर घरची माणसं," आण्णासाहेब म्हणाले.

"म्हणून तर हक्कानं म्हणती, जरा सरका."

हॉटेल हसलं. हर्षालीनं पटाशी घेतली. रोज शाळा सुटली की गाव वर्गाच्या खिडकीशी: आज कोण गेलं? बुधवारी तिघं गेले. गुरुवारी मिशी गेली.

श्राद्धाच्या मांडवात नवा कागद लागला. सगळा पांढरा, आणि कोपऱ्यात श्रीनाथ. लांबून काय आहे ते कळेना. एकेक जण पुढं जाऊन वाकू लागला. आण्णासाहेबही चष्मा लावून वाकले.

"डाव्या गालावरचा तीळ दिसला का?" सारजाबाईनं विचारलं.

"दिसला की, आक्का. हुबेहूब!"

"त्याला तीळच न्हवता," ती म्हणाली. "आजून जवळ या. नीट बघा."