तीस सेकंदांची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. पण अक्षरं गिरवायची नव्हे, माणसाचा तोल मोजायची. दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत भिंतीलगत माझी जागा. दिसायला वजनकाट्यासारखी, म्हणून नवखी माणसं माझ्यावर चढताच पोट आत घेतात. अहो, तुमच्या वजनाशी मला काय करायचंय! पावलं जुळवायची, डोळे मिटायचे आणि तीस सेकंद उभं राहायचं. माणूस किती झुलतो ते मला कळतं आणि शेजारच्या पडद्यावर तशी रेघ उमटते.

नवी होते तेव्हा माझं भारी कौतुक. "हिच्यापासून काही लपत नाही," असं तपासणाऱ्या ताई येईल त्याला सांगायच्या. पुढे माझ्या कडा झिजल्या, लोक चपलांसकट चढू लागले, तरी मी कामात कसूर केली नाही. घात झाला तो एकदाच.

एक रंगारीकाका होते. दुकानांचे फलक रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. घरात दोनदा धडपडले, म्हणून लेक त्यांना घेऊन आली. काठी घ्यायची की नाही, ते माझ्या रेघेवर ठरणार होतं. काकांना तर काठीचं नावही नको होतं.

"कुणी धरायचं नाही हं," ताईंनी बजावलं आणि त्या पडद्याकडे वळल्या. काकांनी डोळे मिटले. त्यांचे घोटे थरथरू लागले. लेकीला ते बघवेना. तिनं मागून दोन बोटं त्यांच्या कोपराला हलकेच टेकवली आणि काकांचं झुलणं थांबलं. मला सगळं दिसत होतं हो! पण मला मोजता येतात ती पावलं, कोपर नाही. पडद्यावर रेघ उमटली, अगदी शहाण्यासारखी सरळ.

"वा काका, छान!" ताई म्हणाल्या.

"बघ, सांगत होतो ना?" काका लेकीला म्हणाले. "आता काठीचा विषय बंद!"

तीन आठवड्यांनी ते आले ते चाकाच्या खुर्चीतून. न्हाणीघरात तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि गेले आडवे. खुबा मोडला. लेक ताईंवर कडाडली, "तुमचं यंत्रच खोटं!"

"तपासताना तुम्ही त्यांना धरलं होतं का?" ताईंनी हळूच विचारलं.

"धरलं नव्हतं हो, नुसती दोन बोटं..." लेक म्हणाली.

"तिला बोलू नका," काका म्हणाले. "बोटं लागली ते मला कळलं होतं. मीच गप्प बसलो. काठी नको होती ना."

लेकीनं खुर्चीशेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला.

आता ताई पडद्याकडे पाठ करून, पडला तर सावरायला दोन्ही हात पुढे धरून, पण न टेकवता, माणसाजवळ उभ्या राहतात. मित्रांनो, आजीआजोबांचा हात जन्मभर धरा, पण ते माझ्यावर उभे असताना तेवढे तीस सेकंद सोडा. मायेनं लावलेलं बोटसुद्धा मला आंधळं करतं, आणि मला ओरडता येत नाही.

रंगारीकाका काही पुन्हा माझ्यावर उभे राहिले नाहीत.