धाकटी

तीन दिवस ल्युसिलला अन्न गोड लागत नव्हतं. क्वेबेकमधल्या त्यांच्या गावच्या चर्चमध्ये फ्रेंच राजाच्या काळातल्या जन्म-मृत्यू-लग्नांच्या नोंदवह्या होत्या. त्यांत तिला घराण्याची मूळ बाई सापडली होती, आंजेलिक. पण ही आंजेलिक दोन वर्षांची असताना, १७४१ साली, गेल्याची नोंद होती. आणि त्याच आईबापांच्या आंजेलिकचं १७६२ साली लग्न लागलं होतं!

"मेलेली पोर लग्नाला उभी राहते कशी?" स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत ती ब्लांश आत्यावर खेकसली. "पाद्री झिंगला होता की काय? मग आपण वंशज कुणाचे, भुताचे?"

आत्या ब्लूबेरी निवडत होती. "आधी खाली बस बघू. तुझ्या फेऱ्यांनी मलाच गरगरायला लागलंय. अगं, पहिली गेली, पुढच्या वर्षी दुसरी झाली. तिला तेच नाव ठेवलं. घरातलं नाव वाया कोण घालवतं?"

"शी! मेलेल्या पोरीचं नाव? कुठली आई असं करेल?"

"सगळ्याच करायच्या."

"अडाणी होत्या म्हणून!"

आत्याचा हात थांबला. गेल्या वर्षी वारलेल्या भावजयीला, ल्युसिलच्या आईला, दिलेला शब्द तिने आज मोडला.

"तू एकुलती एक. तरी तुझी आई तुला जन्मभर 'धाकटे' म्हणून हाक मारायची. कधी विचारलंस का गं तिला, कुणाची धाकटी?"