संदर्भ विभागातली कवळी

बाबांची कवळी बेसिनमध्ये पडून तिचे दोन तुकडे झाले, त्याला आठ दिवस झाले होते. एरवी एवढ्याने काही बिघडलं नसतं. पण आज बाबा निवृत्त होणार होते, आणि संध्याकाळी पाच वाजता त्यांना भाषण करायचं होतं.

बाबा पाणीपुरवठा खात्यात तक्रारींचा फोन घ्यायचे. एकतीस वर्षं. शहरातल्या जवळजवळ प्रत्येकाने त्यांच्यावर कधी ना कधी आवाज चढवला होता. बाबांचं काम 'बोला' म्हणायचं, ऐकून घ्यायचं आणि शेवटी 'तक्रार नोंदवली आहे' म्हणायचं. त्यांचं स्वतःचं म्हणणं कुणी ऐकून घेतल्याची नोंद नाही. आज पहिल्यांदाच दोनशे माणसं गप्प बसून त्यांचं ऐकणार होती. तीन मिनिटं.

गेला आठवडा बाबांनी बिनदातांनीच फोन घेतले. पलीकडच्याला काहीच कळायचं नाही, तो कंटाळून फोन ठेवायचा. त्या आठवड्यात तक्रारी निम्म्याने घटल्या आणि खात्याने त्याचं श्रेय नव्या पाइपलाइनला दिलं.

तर, नवी कवळी आणायची होती. बाबांना शेवटच्या दिवशी चारपर्यंत फोनवर बसायचंच होतं. आईला कारखान्यातून साडेचारशिवाय सुटता येत नव्हतं. राहता राहिलो मी. माझी निवड झाली असं कुणी म्हणणार नाही. बाकीचे उमेदवार संपले होते.

"पावती," असं म्हणून आईने ती माझ्या शर्टाच्या खिशावर सेफ्टी पिनने टोचली. "अकराला कवळी घ्यायची, पाचच्या आत सभागृहात आणायची. मधे काही करायचं नाही."

"मधे माझं ग्रंथालय आहे."

"तिथे जा. पण तिथे काही करू नकोस."

मी ग्रंथालयशास्त्र शिकतो. ज्या शास्त्रात प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा असते, तेच मी का निवडलं, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही. आंधळ्याने चष्म्याचं दुकान काढलं तर काय विचारणार?

आई डबा भरायला आत गेली तेव्हा बाबांनी हळूच एक कागद माझ्या हातात दिला. भाषण होतं. मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढून आण, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. कागद चुरगळू नये म्हणून मी तो ग्रंथालयाच्या पुस्तकात ठेवला. आईने हे पाहिलं असतं तर दुसरी पिन निघाली असती.

बाहेर पडल्यावर खिशात हात घातला, तर फोनच्या जागी टीव्हीचा रिमोट. परत जायला वेळ नव्हता. पायांकडे पाहिलं तर एक बूट काळा, दुसरा चॉकलेटी. त्यालाही वेळ नव्हता.

कवळी बनवणारे काका खिडकीशी बसून कुणाच्या तरी दाढा घासत होते. त्यांनी हिरवी डबी उघडून दाखवली. गुलाबी टाळू आणि त्यावर वरचे चौदा दात.

"ही फट पाहा," ते वैतागून म्हणाले. पुढच्या दोन दातांमध्ये बारीक फट होती. "तीस वर्षं मी लोकांच्या फटी बुजवतोय. तुमचे वडील म्हणाले, माझी फट मला परत पाहिजे. लोक मला ओळखणार कसे? अहो, फोनवर कुणाला फट दिसते?"

मी सही केली, डबी बॅगेत टाकली आणि निघालो. ग्रंथालयाच्या दारात पोचलो तेव्हा दरवानाने विचारलं, "दोन दोन चष्मे कशाला लावलेत?"

एक माझा होता. डोक्यावरचा काकांचा होता. सही करताना टेबलावरून उचलला असणार.

चष्मा नंतर नेऊन देईन असं ठरवून आत शिरलो, कारण बारापासून आमचं प्रात्यक्षिक होतं आणि त्याला गैरहजेरी चालत नाही. विषय होता 'पुस्तकेतर साहित्याची नोंदणी'. एका बंद पडलेल्या शाळेने विज्ञानाच्या प्रतिकृतींचं खोकं देणगी दिलं होतं. प्लॅस्टिकचा कान, लाकडी मूत्रपिंड, अर्धं हृदय. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यायचा, शिक्का मारायचा, कार्ड करायचं आणि कपाटात ठेवायची. आमच्या वर्गातली टाचणी हे काम करत होती. टाचणी हे तिचं टोपणनाव. अंगाने तशी आहे आणि स्वभावानेही.

मी बॅग उघडली, पुस्तक परत करायला काउंटरवर ठेवलं. पुस्तकाच्या आधी डबी हाताला लागली म्हणून ती बाहेर काढून ठेवली. मग दोन तास कानाचं कार्ड लिहिलं. 'कान, मानवी, डावा.' ते पुसून 'उजवा' लिहिलं. मग काकांचा चष्मा आठवला आणि मी पळालो.

अडीच वाजता काका खिडकीशी तसेच बसले होते, डोळे बारीक करून.

"बरं झालं आलात. साडेतीन तास अंदाजाने चाललंय. हे दात बहुतेक कुणाच्या तरी सासूला जाणार आहेत. दोष तुमचा."

मी चष्मा दिला. एक काम मार्गी लागलं म्हणून बरं वाटलं. त्या समाधानात बॅग चाचपली.

डबी नव्हती.

मी टेबलाखाली पाहिलं. काकांनी शांतपणे पायही उचलले. आमच्या शास्त्रात एक वचन आहे: पुस्तक हरवत नाही, फक्त चुकीच्या जागी असतं. आमचे सर ते रोज म्हणतात. सरांच्या वडिलांना पाच वाजता भाषण करायचं नसतं.

बस आली. तीत बसलो. ती उलट्या दिशेला जात होती. उतरलो, धावत सुटलो. काळा बूट पळायचा, चॉकलेटी घसरायचा. ग्रंथालयात पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन चाळीस झाले होते.

"हिरवी डबी," मी टाचणीला म्हणालो. धाप लागली होती. "इथे काउंटरवर."

"हो. नोंदवली."

"नोंदवली म्हणजे?"

"म्हणजे नोंदवली. खोक्याशेजारीच होती ना!" तिने कार्डांचा गठ्ठा ओढला आणि एक काढून वाचलं. "'दात, मानवी, वरचे. प्रतिकृती, एक संच. स्थिती: उत्तम.' वर्ग सहाशे सतरा पूर्णांक सहा. छान काम आहे रे. बाकीचं सगळं भंगार, हे एकच खऱ्यासारखं."

"ते खरे आहेत!"

"खरे?"

"म्हणजे खोटे. पण खरे खोटे. माझ्या बाबांचे आहेत."

टाचणीने कार्ड हळूच गठ्ठ्यात परत खोचलं.

"मग बाबांना सांग," ती हळूच म्हणाली, "की शिक्काही मारलाय. टाळूवर. नियम आहे, दर्शनी भागावर मारायचा नाही."

आम्ही संदर्भ विभागात गेलो. काचेच्या कपाटात, जठर आणि गुडघा यांच्या मधोमध, बाबांची कवळी हसत होती. कपाटाला कुलूप होतं. किल्ली मुख्य ग्रंथपाल मॅडमकडे होती. मॅडम बैठकीत होत्या. बैठकीचा विषय होता 'वाचकांचा वेळ कसा वाचवावा', त्यामुळे ती लांबली होती.

पावणेचार. तीन पन्नास. मी कपाटासमोर येरझाऱ्या घालत होतो. चार. बाबा आता खुर्चीवरून उठले असतील. टेबल आवरत असतील. तोंडावर रुमाल धरून सभागृहाकडे निघाले असतील. चार पाच. टाचणी म्हणाली, "बस ना जरा." मी बसलो. उठलो. खिशातला रिमोट काढून बैठकीच्या दाराकडे रोखला आणि बंद करायचं बटण दाबलं. चार दहाला दार उघडलं. योगायोग असावा.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

"नोंद झालेली वस्तू तुमचीच कशावरून?"

"पुढच्या दोन दातांत फट आहे, मॅडम. बाबांनी मुद्दाम करून घेतलीय. शाळेला प्रतिकृती विकणारा फट कशाला ठेवेल?"

मॅडमनी कपाट उघडलं, कवळी उजेडात धरली आणि भिंग लावून पाहिली. "फट आहे," त्या म्हणाल्या. "पण नोंद रद्द करायला समिती लागते. समिती महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बसते."

"मॅडम, समारंभ पाचला आहे!"

"मी नाही कुठे म्हणाले? मी समितीचं सांगितलं." त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "संदर्भ विभागातली वस्तू बाहेर जात नाही. पण सभासदाला एका रात्रीसाठी देण्याचा अधिकार ग्रंथपालाला असतो. कार्ड आणलंय?"

सभासद कार्ड होतं. दिवसभरात ही एकच वस्तू जागच्या जागी सापडली. मॅडमनी तारीख टाकली. "उद्या सकाळी दहाला परत. पानं दुमडायची नाहीत," त्या सवयीने म्हणाल्या.

सभागृहात पोचलो तेव्हा पाचला सात मिनिटं होती. दारात आई. तिने माझ्या खिशावरची रिकामी पिन पाहिली, बूट पाहिले, मग डबी पाहिली आणि फक्त डबीबद्दल "आण" म्हणाली.

बाबांनी भिंतीकडे तोंड करून कवळी बसवली. वळले तेव्हा ते पुन्हा बाबा होते, फटीसकट.

"बसली!" ते म्हणाले. आठ दिवसांत त्यांचा पहिला स्पष्ट शब्द. जिभेने टाळू चाचपला. "हे खडबडीत काय लागतंय?"

"शाई. नंतर सांगतो."

"बरं. कागद दे."

"कुठला कागद?"

विचारतानाच आठवलं. पुस्तक. पुस्तक परत केलं होतं. कागद पुस्तकात होता आणि पुस्तक पंचवीस मिनिटांवर. बाबांनी माझ्या चेहऱ्यावरून सगळं वाचलं. एकतीस वर्षं फोनवर काढलेल्या माणसाला चेहराही वाचता येतो, हे मला माहीत नव्हतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं.

बाबा मंचावर गेले. माइकसमोर उभे राहिले. दोनशे माणसं गप्प झाली. बाबाही गप्प. खिशात हात घातला, रिकामा बाहेर काढला. घसा साफ केला. मग माइककडे वाकून, सवयीने, म्हणाले:

"बोला."

चार-दोन जण हसले. मग कुणीच हसलं नाही, ते जास्त वाईट. बाबांचे कान लाल झाले. तीन मिनिटांतलं अर्धं मिनिट गेलं होतं. माझा हात खिशातल्या रिमोटवर गेला; आवाज वाढवायचं बटण दाबून पाहिलं. मग उभा राहिलो.

"हॅलो!" मी ओरडलो. "दोन दिवस झाले, आमच्याकडे पाणी नाही! काय चाललंय काय?"

आईने माझा शर्ट ओढला. पण मी बाबांकडे पाहत होतो. त्यांची पाठ ताठ झाली.

"वरचा मजला की खालचा?" ते शांतपणे म्हणाले.

"वरचा!"

"खालच्यांकडे येतंय का?"

"ते सांगत नाहीत!"

"मग येतंय," बाबा म्हणाले. "टाकीचा कॉक पाहा. तो नेहमी त्यांच्या बाजूला असतो."

सभागृहात हशा उसळला. तिसऱ्या रांगेतून एक बाई ओरडल्या, "आमच्याकडे गढूळ येतंय!" बाबा म्हणाले, "पहिली बादली झाडांना घाला. झाडं तक्रार करत नाहीत." मग जो तो उठायला लागला. खुद्द मोठे इंजिनिअर साहेब उभे राहून म्हणाले, "माझ्या घरचा फोन दिवसभर वाजतो हो!" बाबा म्हणाले, "वाजणारच. जो फारच ओरडतो त्याला मी तुमचा नंबर देतो." साहेबच सगळ्यात जास्त हसले.

हसू विरता विरता मागून एक म्हातारा फिटर उठला. "उद्यापासून फोन कोण घेणार?"

बाबांनी माइक दोन्ही हातांत धरला.

"जो कुणी घेईल," ते म्हणाले, "त्याने तीनदा वाजू द्यावा, मग उचलावा. लगेच उचलला की माणसाला आपला राग नीट मांडता येत नाही. आणि मधे बोलू नये. पाणी आपल्या हातात नसतं. ऐकणं असतं." थोडं थांबले. "तक्रार नोंदवली आहे. धन्यवाद."

तीन मिनिटांची सात झाली होती. टाळ्या वेगळ्या मोजायच्या.

घरी जाताना बाबा म्हणाले, "कागद हरवला?"

"हरवला नाही. चुकीच्या जागी आहे. उद्या दहाला आणतो. तसंही जायचंच आहे."

"कशाला?"

"कवळी परत करायला."

मी सगळं सांगितलं. कपाट, कार्ड, शिक्का. बाबा रस्त्यातच थांबले. जिभेने टाळू पुन्हा एकदा चाचपला.

"मुदत वाढवून मिळते का?"

"अर्ज करावा लागतो."

"अर्ज मी लिहिते," आई म्हणाली. "तुम्ही दोघं कशाला हात लावू नका."