बारावं नाव

सुरभी नव्या कॉम्प्युटरचं काम पाहायला यवतमाळहून एसटीनं आमच्या पोलीस ठाण्यात आली तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? अठ्ठावीस वर्षांची नोकरी झालेला मी मारोतराव जमादार त्या पोरीवर जळत होतो.

आठवडी बाजारात बसस्टँडामागून गाड्या चोरीला जातात, हे मी पंधरा वर्षं सांगत होतो. कोणी ढुंकून पाहिलं नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! तिच्या कॉम्प्युटरनं जुन्या सगळ्या नोंदी वाचून तेच सांगितलं, दोन चोर सापडले, आणि मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. मी मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या.

पोळ्याच्या चार दिवस आधी त्या कॉम्प्युटरनं तालुक्यातल्या धोकादायक माणसांची यादी काढली. वरच्या नावांना जिल्ह्यातून तडीपार करायचा प्रस्ताव त्याच संध्याकाळी पाचला जाणार होता. पहिलंच नाव जफर मिस्त्रीचं. ठाण्यासमोर त्याचं गॅरेज. मुंगी मारायची झाली तरी हा माणूस तिची माफी मागेल.

मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जाऊ दे यादी. गावभर हसं होईल पोरीचं.

पण ती यादी घेऊन माझ्याच टेबलाशी आली. "काका, पाठवाच्या आधी तुमी एकदा पाहा. अठरा वेळा प्रतिबंधक कारवाई हाय या जफरवर, पण गुन्हा एकबी नाही. मले पटून नाही राह्यलं."

"तुह्या मशीनले समजते ना सगळं?"

"मशीनले कागद समजते, काका. माणूस तुमाले माहीत हाय."

"मले नाही माहीत," मी म्हणालो.

माहीत होतं. त्या अठराच्या अठरा नोंदी मीच केलेल्या होत्या. दर सणाला वरून आकडा यायचा, बारा माणसं आधीच आत बसवा. अकरा उडाणटप्पू मिळायचे. बाराव्यासाठी उन्हातान्हात कोण हिंडणार? मी रस्त्यापलीकडे हाक मारायचो. जफर डबा घेऊन यायचा, दिवसभर बाकावर बसायचा, जाताना ठाण्याची जीप दुरुस्त करून जायचा. नऊ वर्षं पोळा आणि गणपती. मी कागदावर लिहायचो, 'शांतता भंग करण्याची शक्यता.' कॉम्प्युटर बिचारा माझ्याच अक्षरावर विश्वास ठेवून बसला होता.

बोललो तर माझी नोकरी अडचणीत. गप्प बसलो तर जफर देशोधडीला. तरीही मी गप्प बसलो. खरं सांगतो, नोकरीच्या भीतीपेक्षा ती पोरगी तोंडावर पडावी हीच इच्छा मोठी होती.

साडेचारला जफर स्वतःच आत आला. हातात डबा.

"जमादार साहेब, यंदा तुमी बलावलं नाही. म्हटलं विसरले असन. मले आजच बसवून घ्या ना. पोळ्याच्या दिवशी माह्या पोरीले, माहनूरले, पाहाले पाहुणे येऊन राह्यले. बाप घरी पाहिजे."

सुरभी खुर्चीवरून उठली. "चाचा, तुमी कायले बसता?"

"जमादार साहेबाले बारा लागते ना, बेटी. अकरा असते त्याह्यच्यापाशी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

मी लिहिलं. अठरा तारखा, अठरा खोटी कारणं, खाली सही. तिनं तो कागद साहेबांकडे नेला, जफरच्या त्या नोंदी वगळून यादी पुन्हा काढली. त्याचं नाव कुठेच आलं नाही.

जफरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "खुश राह, बेटी." मी पुन्हा तिच्यावर जळलो. एवढ्या वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

डबा उचलून तो दारापर्यंत गेला, थांबला, आणि मागे वळून मलाच विचारलं, "साहेब, जाऊ ना मंग मी?"