गिरजाबाईच्या घरचा मीठखाऊ

मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगायला निदान गंज तरी चढलेला असावा लागतो, असं म्हणतात. मला गंज चढत नाही. माझं अंग फायबरचं आहे आणि वयही फार नाही. तरीही एकदा भंगारात जाता जाता वाचलो आहे, त्यामुळे तेवढा अधिकार मला पोचतो. मी एक वॉटर सॉफ्टनर आहे. जड पाणी हलकं करतो. आमच्या घरात मला ‘मीठखाऊ’ म्हणतात. नाव ठेवणारीचं नाव गिरजाबाई.

माझा जन्म मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. उंच निळं पिंप, त्याच्या पोटात मोहरीएवढे पिवळे मणी, डोक्यावर एक मूठ आणि शेजारी मिठाच्या पाण्याचा डबा, एवढाच माझा संसार. बोअरच्या पाण्यात दगडाचा खार विरघळलेला असतो. माझे मणी तो धरून ठेवतात. धरून धरून त्यांचा जीव मेटाकुटीला आला की त्यांना मिठाच्या पाण्याने धुवायचं. धुतलेलं पाणी एका बारक्या पाइपाने बाहेर जातं आणि मणी पुन्हा कामाला लागतात. यात जादू काही नाही. तुमच्या आईलाही दिवसभर सगळ्यांचं सहन केल्यावर थोडा वेळ एकटं बसावंसं वाटतं, तसंच हे.

टेम्पोत आडवा पडून मी आटगावच्या पलीकडच्या एका गावात, कोंडू आणि गिरजाबाई यांच्या घरी आलो. भातशेती करणारं कुटुंब. मुलगा ओमकार ठाण्याला नोकरीला. सून अनिता. मला आणायचा हट्ट हिचा.

अनिता भातसानगरची. वडील धरणावर कामाला, त्यामुळे ती लहानपणापासून धरणाच्या मऊ पाण्यात न्हालेली. ते पाणी पुढे मुंबईला जातं. वाटेतल्या आमच्या गावाला बोअर आहे. लग्न होऊन आली, पहिल्यांदा डोकं धुतलं आणि केसांची दोरी झाली. साबणाला फेस येईना. गीझरच्या पोटात चुन्याचे थर बसले आणि एका हिवाळ्यात तो फुटला. तेव्हा अनिताने सॉफ्टनरचं नाव काढलं.

“आमचे केस काय तुज्या या यंत्राने वाढले?” गिरजाबाई म्हणाली होती. “धरणावरची रानी आनलीय, तिला धरण पण आना.”

शेवटी धरणाऐवजी मला आणलं. शहापूरचा शाम नावाचा प्लंबर मला मागच्या दाराबाहेर बसवायला आला. बोअरच्या मोटरचा पाइप त्याने माझ्यातून घेतला आणि पुढे गच्चीवरच्या काळ्या टाकीत सोडला. म्हणजे घरातला प्रत्येक नळ माझ्या हाताखाली. बाजूला एक दांडा ठेवला. “हा आडवा केला की पाणी याच्यातून जात नाय, परस्पर टाकीत,” त्याने सांगितलं. “रिपेरीच्या वेळेला लागतो.” गिरजाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण ऐकलं.

मग प्रश्न आला माझ्या बारक्या पाइपाचा.

“हा गटारात सोडा,” शाम म्हणाला.

“कंचा गटार?” गिरजाबाई म्हणाली. “आमच्यात मोरीचं पाणी केळींना जातं. उन्हाळ्यात टँकरच्या मागं हंडे घेऊन धावतो आमी, नि तू पाणी फुकट घालवाया निघालास?”

गावात हाच रिवाज. वापरलेलं पाणी परसातल्या केळींना आणि अळवाला द्यायचं, थेंब फुकट जाऊ द्यायचा नाही. रिवाज चांगला आहे. फक्त तो माझ्या जन्माच्या आधीचा आहे. शामने ओमकारकडे पाहिलं. ओमकारने गटारापर्यंतच्या पाइपाचा अंदाज घेतला, मग केळींपर्यंतच्या पाइपाचा, आणि म्हणाला, “केळीतच सोड.”

सुरुवातीचे दिवस माझे कौतुकाचे गेले. अनिताचे केस मोकळे झाले. बादलीतला फेस आवरेना, म्हणून पावडर निम्मी झाली. आणि एके दिवशी गिरजाबाईने वालाचं बिरडं केलं. बोअरच्या पाण्यात तिचे वाल कितीही शिजवले तरी दाताखाली कचकच करायचे. त्या दिवशी ते लोण्यासारखे झाले. शेजारची गोदू वाटी चाटून म्हणाली, “गिरजाकाकी, तुजा हात बदलला गो!” गिरजाबाईने हाताचं श्रेय हातालाच ठेवलं. माझं नाव घेतलं नाही. मीही वाईट वाटून घेतलं नाही. यंत्राला तेवढं पोट असतं.

मग भाताच्या बेणणीत, म्हणजे तण काढताना, कोंडूला शेतातच घेरी आली. शहापूरच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, गोळी लिहून दिली आणि सांगितलं, “मीठ कमी करा. अगदी चिमूटभर.”

गिरजाबाईने ते वाक्य पदरात बांधून घरी आणलं. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. पापड बंद. सुके बोंबील गोदूला देऊन टाकले. कोंडूच्या ताटात मीठ वाढायचं बंद झालं आणि भाजीत मोजून पडू लागलं. कोंडू जेवताना भिंतीकडे बघायचा. गिरजाबाईचा भाऊ याच रोगाने अंथरुणाला खिळून गेला होता, हे त्याला माहीत होतं, म्हणून तो भिंतीलाही काही बोलायचा नाही.

आणि त्याच आठवड्यात ओमकारने खडेमिठाची अख्खी गोणी आणून माझ्या डब्यात रिकामी केली.

गिरजाबाई बघत राहिली. मग ती परसात गेली. केळींची पानं कडेने करपून तपकिरी झाली होती. अळू तर बसलंच होतं. ती तिथून परत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, “मीठखाऊ मेल्या, आमच्या यांना मारतोस काय?” इकडेतिकडे पाहिलं आणि दांडा आडवा केला.

त्या दिवसापासून मी नुसता उभा होतो. पाणी माझ्या कानाशी खळखळत टाकीत जायचं आणि माझ्या पोटात काही यायचं नाही. आतल्या माणसांना काय, नळ सोडला की पाणी येत होतं. केस पुन्हा चिकटले. नळांवर पांढरे ठिपके आले. ओमकार अनिताला म्हणाला, “बघ, हे असलं आणायला लावलंस.” अनिताने शामला बोलावलं. बाहेर त्याच्या मोटरसायकलचा आवाज आला तशी गिरजाबाई चपळाईने माझ्यापाशी आली आणि दांडा सरळ केला. शामने पिंपाला कान लावून, तपासून सांगितलं, “मशीन एक नंबर.” तो वळणावर दिसेनासा झाला की दांडा पुन्हा आडवा. असं पुन्हा पुन्हा घडलं. शाम बिचारा स्वतःच्या कानांना दोष देऊ लागला.

शेवटी ओमकारचा संयम संपला. “रविवारी येऊन काढून ने,” त्याने शामला फोनवर सांगितलं. “भंगारात जे येईल ते तुजं.”

मित्रांनो, भंगार म्हणजे काय ते मला शेडमध्येच कळलं होतं. तिथे कोपऱ्यात काही पिंपं उलटी पडलेली असत आणि त्यांच्यात कोंबड्या अंडी घालत.

रविवारी सकाळी अनिता फडकं घेऊन आली. मला काढून नेणार होते, तरी पुसायला आली. पुसता पुसता तिचं लक्ष दांड्याकडे गेलं. तिने तो सरळ केला आणि फडकं पिळायला मोरीकडे गेली. परत आली तेव्हा सासूचा हात दांड्यावर होता आणि दांडा आडवा होता.

“आई? तुम्ही?”

“हा, मीच. काय करशील?”

“पण कशाला?”

“कशाला? डॉक्टर चिमूटभर बोल्ला. चिमूटभर! नि तुमी नवराबायको गोनी ओतता, नि तेच पाणी यांना प्यायला देता. केळी बघ जरा. केळीचं हे झालं तर मान्साचं काय व्हल?”

अनिताने वळून परसाकडे पाहिलं. केळींकडे तिने इतके दिवस पाहिलंच नव्हतं.

“मग सांगायचंत ना.”

“कोनाला? तुज्या हौसेवर सासू टपलीय, असं गावभर झालं असतं. गप ऱ्हायले.”

“आणि मी इतके दिवस रडत होते ते?”

“ते पन बघत व्हते,” गिरजाबाई म्हणाली आणि पहिल्यांदाच तिची नजर खाली गेली.

तेवढ्यात शाम पाना घेऊन हजर झाला. मागोमाग ओमकार आला. कोंडू ओटीवरून उठून दाराशी आला. अनिताने शामला सरळ विचारलं, “या पाण्यात मीठ जातं की नाही?”

“मीठ नाय जात ओ वयनी.” शामने डोकं खाजवलं. “म्हंजे... मिठातला अंश जातो. खार काढायचा तर बदल्यात काय तरी द्यावंच लागतं ना त्याला.”

“बीपीच्या माणसाला चालतं?”

“त्यांच्यासाठी प्यायचा नळ वेगळा ठेवतात, बिनसॉफ्टनरचा. रीतच हाय ती.”

“मग का नाही ठेवलास?”

“दादा बोल्ले, पाइप वाचव.”

सगळे ओमकारकडे बघू लागले. ओमकार केळींकडे बघू लागला.

“म्हंजे पाइप वाचला नि बाप ऱ्हाऊन गेला,” कोंडू शांतपणे म्हणाला.

“जाऊ दे ना,” ओमकार चिडून म्हणाला. “कटकटच नको. शाम, काढ ते.”

शामने पाना लावला. मी माझ्या परीने श्वास रोखला. तेवढ्यात पान्यावर एक हात पडला. तो अनिताचा असेल असं मला वाटलं होतं. पण हिरव्या बांगड्यांचा तो हात गिरजाबाईचा होता.

“थांब रे. काढतोस कशाला? वेगळा नळ द्यायचा असतो बोल्लास ना? मग दे. इतके दिवस माजे वाल परत कचकचतात ते कोन खानार, तुजा दादा?”

अनिता हसली. रडायच्या बेतात असलेलं माणूस हसतं तशी.

मग मोटरच्या पाइपाला माझ्या अलीकडे एक फाटा काढला आणि प्यायचं पाणी परस्पर स्वयंपाकघरात गेलं. माझा बारका पाइप केळींतून निघून रस्त्याच्या गटारात गेला. ग्रामपंचायतीने बांधल्यापासून त्या गटाराला पहिल्यांदाच पाणी बघायला मिळालं. सगळा खर्च ओमकारने केला.

आता गिरजाबाई वाल माझ्या पाण्यात भिजत घालते आणि ते पाणी ओतून देते. कोंडूचा भात, भाजी, चहा सगळं नव्या नळाचं. पाहुणा चुकून मोरीच्या नळाखाली तांब्या धरायला गेला, तर त्याला आधी माझी सगळी हकीकत ऐकावी लागते आणि मग पाणी मिळतं.

मित्रांनो, माझ्यासारखं काही घरात आणाल तेव्हा पाइप मोजण्याआधी घरातली माणसं विचारात घ्या. कोणाला काय दुखतं, कोणाला कशाची भीती वाटते, मोरीचं पाणी कुठे जातं, हे विचारा. आम्हाला बोलता येत नाही आणि घरातली जी माणसं बोलत नाहीत, ती दांडा फिरवतात. आणि हो, आमच्या डब्यात मीठ आहे का, ते अधूनमधून झाकण उघडून बघत जा.

माझ्या बाबतीत ती काळजी मिटली आहे. ते काम गिरजाबाईने दुसऱ्या कोणाला ठेवलेलं नाही. कोंडूच्या आमटीत दोन बोटांच्या चिमटीतून मीठ सोडणारी ही बाई माझ्यासमोर गोणी उचलून धरते, “खा मेल्या, तू तरी पोटभर खा,” असं म्हणते आणि दोन्ही हातांनी ओतत राहते.